रिकाम्या तक्त्याची ओळ

वादळाचा इशारा आला तसा बंदर कचेरीतल्या पडद्यावर न परतलेल्या होड्यांचा तक्ता लागला. त्या पानाचा साचा, म्हणजे टेम्प्लेट, आमच्या कांचननं लिहिलेलं. अ‍ॅरेत, म्हणजे संगणकातल्या यादीत, जितक्या होड्या, तितक्या ओळी सर्व्हर आपोआप मांडायचा.

“आणि अ‍ॅरे रिकामी झाली तर?” मी तिला विचारलं.

“तेही लिहिलंय, सर.”

मला वाटलं, नेहमीचं ‘माहिती उपलब्ध नाही’ असेल.

होड्या किनाऱ्याला लागत गेल्या, तक्ता आखूड होत गेला. शेवटची ओळ ‘जलकन्या’ची. ती होडी हाकणाऱ्या तांडेलाची बायको पडद्यासमोरून हलेना.

पान ताजं झालं आणि तक्ताच गेला. तिथं कोळ्यांच्या बोलीत फक्त एवढंच होतं: ‘सगल्या होऱ्या घरा आयल्या.’

तिनं पदर डोळ्यांना लावला. “ह्ये लिवनारं आमचंच पोर हाय.”

कांचन चंद्रपूरची. समुद्र तिनं इथं नोकरीला लागल्यावरच पाहिला.