पंचवीस टक्के मागे

सहावीअखेरच्या देशपातळीवरच्या बोर्ड परीक्षेसाठी हुई-फेनने वर्षभर बिनपगारी रजा घेतली आणि लेकीला, शिन-रूला, स्वतः गणित शिकवलं. सराव परीक्षेचा निकाल लागला त्या आठवड्याच्या रविवारी सगळे हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवायला जमले, आणि नूडल्सचे वाडगे पुढ्यात येताच नणंदेने विषय काढलाच.

"आमच्या यू-टिंगला गणितात शंभर. शिन-रूला गं?"

"ऐंशी! पंचवीस टक्के मागे आहे," हुई-फेन तडकली. "शेकडेवारी रोज घोकून घेते मी, पण या पोरीचं डोकंच चालत नाही."

शिन-रू आईच्या कानाशी वाकली. "आई, ती माझ्यापेक्षा पंचवीस टक्के पुढे आहे, पण मी तिच्यापेक्षा वीसच टक्के मागे आहे. उलट्या बाजूने तोच आकडा येत नाही, बाईंनी काल समजावलं. पेपरात मी तू शिकवलंस तसंच लिहिलं होतं."

हुई-फेनच्या हातातल्या काड्या वाडग्यातच थांबल्या.

"काय गं कुजबुजतेयस?" नणंदेने विचारलं.

"काही नाही, आत्या," शिन-रू मोठ्याने म्हणाली. "माझं डोकंच चालत नाही."