पुलावर अडकलेला माणूस

“अगं, पुलावर अडकलोय. मुंगीसुद्धा हलत नाहीये. वाट बघू नका,” असं बायकोला फोनवर सांगून त्यानं खारा शेंगदाणा तोंडात टाकला आणि नदीकाठच्या बाकावर ऐसपैस पाय पसरले.

पूल समोरच दिसत होता. त्यावर गाड्या खरोखरच तुंबल्या होत्या. हॉर्न कोकलत होते. एकजण खिडकीतून मुंडकं काढून पुढच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. त्यामुळे आपण खोटं बोलतोय असं त्याला कधी वाटतच नसे. पूल अडला होता, हे सत्य होतं. आपण त्यावर नव्हतो, एवढा बारीकसा तपशील सांगायचा राहून जायचा.

लोक या शहराला उगाच नावं ठेवतात, असं त्याचं ठाम मत होतं. धूर, गर्दी, गोंगाट, सगळं कबूल. पण लहान गावात माणूस घरी उशिरा पोहोचला, तर तो कुठं बसला होता हे त्याच्या आधी घरी पोहोचलेलं असतं. इथं ‘ट्रॅफिक’ म्हटलं की विषय संपला. पुरावा कुणी मागत नाही, उलट पाण्याचा ग्लास हातात मिळतो. पाणी जायचं, वीज जायची. ही एकच सोय शहरानं कधी बंद पडू दिली नव्हती.

तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. टेबलावर ओळीनं मांडलेल्या कवळ्या दिवसभर त्याच्याकडं बघून हसायच्या. घरी मात्र हसण्याच्या नावानं शिमगा. बायको, आई आणि कॉलेजात जाणारी मुलगी; तो उंबऱ्याच्या आत आला की तिघींची तोंडं उतरायची. पंखा बंद करा, नळ गळतोय, टीव्हीचा आवाज कमी करा, असं तो चार कामाच्या गोष्टी बोलला तरी त्या नुसत्या मान हलवायच्या. मुळात त्यांचे स्वभावच घुमे, त्याला तो तरी काय करणार? अशा घरात जायला अंगात बळ लागतं. ते तो रोज संध्याकाळी तासभर नदीकाठी गोळा करायचा. बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मागं उभं राहून त्यांना मुद्दाम चुकीच्या चाली सुचवायचा, त्यांच्या शिव्या खायचा आणि पोट धरून हसायचा.

नवा पूल पुढच्या महिन्यात सुरू होणार होता. पण तो गेली कित्येक वर्षं पुढच्याच महिन्यात सुरू होणार होता, त्यामुळे त्याला घोर नव्हता. आणि एके दिवशी शहरानं दगा दिला. कुणाला काही न सांगता दुपारी पूल खुला केला.

लॅबच्या मालकांना तर नवी गाडी घेतल्यासारखा आनंद झाला. “चला, आज तुम्हाला पुलावरून घरी सोडतो!”

“कशाला उगाच? मला आपली बसच बरी.”

“अहो, संकोच कसला करताय!” असं म्हणत त्यांनी त्याला जवळजवळ उचलूनच गाडीत कोंबलं. पूल लोण्यासारखा होता. सिग्नलही सगळे हिरवेच मिळाले. एखाद्या खड्ड्यानं तरी मदतीला धावून यावं, तर तोही आला नाही.

जिना चढताना त्याला हसण्याचा आवाज ऐकू आला. शेजाऱ्यांकडं पाहुणे आले असतील, असं त्याला वाटलं. पण आवाज त्याच्याच दारामागून येत होता. त्यानं पाटीवरचं नाव पुन्हा वाचलं आणि किल्लीनं हळूच दार उघडलं.

पंखा भरधाव होता. टीव्हीवर मोठ्यानं गाणं लागलं होतं. खोलीच्या मधोमध आई उभी होती. त्याचा जुना चष्मा नाकावर, हात पाठीमागं, भुवया चढवलेल्या. “पंखा कुणी चालू ठेवलाय? वीज काय फुकट येते?” ती हुबेहूब त्याच्या आवाजात बोलली. मुलगी सोफ्यावर लोळत होती. बायको भिंतीला टेकून डोळे पुसत हसत होती, तोंड उघडून, अगदी लहान मुलीसारखी.

त्याची नजर सवयीनं तिच्या दातांवर गेली. वरच्या ओळीत, सुळ्याच्या मागं, एका दाताची जागा रिकामी होती.

तेवढ्यात मुलीनं त्याला पाहिलं. टीव्ही बंद झाला. आईनं चष्मा उतरवून टेबलावर ठेवला. बायकोनं पंख्याचं बटण दाबलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

“नवा पूल सुरू झाला,” तो म्हणाला.

“हो का?” आई म्हणाली. “बरं झालं हो.” आणि खाली मान घालून आत गेली.

त्यानं बायकोला विचारलं, “दात कधी पडला?”

तिनं पटकन तोंडावर हात ठेवला. “काढला. दोन वर्षं झाली असतील.”

“आणि मला सांगितलं नाहीस? अगं, मी रोज लोकांचे दात बनवतो!”

“तुम्ही म्हणाला असतात, नीट घासत नाहीस.”

तो खरोखरच तेच म्हणणार होता.

रात्री त्यानं उठून पंखा चालू केला, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी दाढी करताना त्यानं आरशासमोर एक वाक्य घोटलं: आजपासून मी लवकर येत जाईन, आपण सगळे मिळून बसू. बायकोसाठी दाताचं मापही घ्यायचं त्यानं ठरवलं. बूट घातले, घसा खाकरला, आणि बोलायला तोंड उघडलं.

डबा त्याच्या हातात देत बायकोनंच आधी विचारलं, अगदी काळजीनं, “अहो, तो जुना पूल काही पाडणार नाहीत ना?”