एकदाच विचारलेलं

“काका, हे सॉफ्टवेअर काकूंची फाइल झटकन उघडेल,” फाइली उघडून देणारी रेहाना म्हणाली, “पण गाळलेलं सगळं ते अंदाजाने भरून काढतं. हे दुसरं जेवढं उरलंय तेवढंच उघडतं.”

“गाळलेलं म्हणजे?” दिगंबररावांनी विचारलं.

“वारलेल्या माणसाचं अख्खं मन एवढ्याशा फाइलीत दाबून बसवायचं, तर परत परत आलेलं एकदाच ठेवतात. बाकीचं काढून टाकतात.”

दिगंबररावांना बायकोचं बोलणं आठवलं. कुमुद जन्मात नवीन असं बोललीच किती? रोज दुपारी ती कारखान्यात फोन करायची आणि जेवलात का म्हणून विचारायची. ते जेवल्याचं कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि ते मात्र “कामात आहे, मग सांगतो” म्हणून फोन ठेवून द्यायचे.

“अंदाजाची बायको नको मला,” ते म्हणाले. “दुसरं लाव.”

स्पीकर जरा खरखरला आणि कुमुदचा आवाज आला, “अहो, जेवलात का?”

इतक्या वर्षांच्या सगळ्या दुपारी त्या एका वाक्यात येऊन बसल्या होत्या. दिगंबरराव स्पीकरकडे वाकले.

“उत्तर द्या ना, काका. हे बटण दाबून तुम्ही बोललात की फाइल पुढे सरकेल. हे मात्र काकू परत विचारणार नाहीत.”

दिगंबररावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“थांबू दे तिला जरा,” ते म्हणाले. “तिला सवय आहे.”