श्यामचे रविवार

धम्मदीप आणि श्याम यांना जर्मनीत नर्सिंगची नोकरी लागली होती. निघायला तीन आठवडे उरले होते. राजापेठेतल्या भाड्याच्या खोलीत चार वर्षं ते लोकांसमोर नुसते ‘रूम पार्टनर’ होते. तिकडे उघडपणे एकमेकांचे होऊन राहता येणार होतं. पण हल्ली दर रविवारी श्याम सकाळीच कुठंतरी जायचा. विचारलं की म्हणायचा, “मित्राकडं.” त्याचा तो मित्र कोण, या विचारानं धम्मदीपचा जळफळाट व्हायचा.

त्या रविवारी श्याम अकोटच्या बसमध्ये चढला आणि धम्मदीपनं मोटरसायकल बसच्या मागं दामटली. अकोटला उतरून श्याम ज्या घरात शिरला, ते बघून धम्मदीप जागीच थिजला. ते त्याचंच घर होतं. श्यामवर प्रेम आहे म्हणाला म्हणून त्याच्या बापानं, पुंजाजीनं, त्याला याच दारातून हाकललं होतं.

तो खिडकीशी उभा राहिला. आत श्याम पुंजाजीला मोबाईलवर व्हिडिओ कॉल शिकवत होता.

“तिकडं गेल्यावर त्याचं तोंड दिसन न याच्यात?”

“दिसन, बाबा. पण तुमी आत्ताच काहून बोलत नाई त्याच्याशी?”

“कोन्या तोंडानं बोलू, बेटा?”

धम्मदीपला बाप जन्मात कधी बेटा म्हणाला नव्हता. आता तो खुद्द श्यामवरच जळत होता. त्यानं दार ढकललं.

“बाबा, मलेबी म्हना न बेटा.”