एल्फेडचा कोट

"वास चुकलाय," इडवाल म्हणाला.

मेनीरने चहाचा कप खाली ठेवला. तिची सहा नाटकं एका जाडजूड पुस्तकात आली होती, तासाभरात खाणकामगारांच्या सभागृहात त्याचं प्रकाशन होतं, आणि बाबांना आत्ता चूक सापडली होती! ऐंशी उलटलेला माणूस, टाय बांधून स्वयंपाकघरात तयार बसलेला, बोट पहिल्याच नाटकावर.

"कसला वास, बाबा?"

"बसमधला."

पहिलं नाटक घरचंच होतं. संपाचं वर्ष. खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या बसमधून, चेहरा दिसू नये म्हणून डोक्यावर कोट ओढून, संप फोडायला निघालेला एल्फेडकाका. आणि भर सभेत उभं राहून 'तो कोट माझ्या भावाचा आहे' असं सांगणारा इडवाल. त्या वाक्याला आजही टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. बाबा आज तेच वाक्य वाचणार होते. शेवटी काकाची अंत्ययात्रा. या गल्लीत कोणी गेलं, की त्या घराचे पडदे दिवसाढवळ्या ओढले जातात, आणि ते पाहून साऱ्या गल्लीचे. एल्फेडसाठी एकानंही ओढला नव्हता. सख्ख्या भावानंही नाही.

"तू लिहिलंयस, कोटाला आतून कोळशाचा वास येत होता."

"मग कसला येणार? गुलाबाचा?"

"पेपरमिंटचा. सारख्या गोळ्या चघळायचा, गाढव. अस्तरापर्यंत वास मुरला होता."

मेनीर खुदकन हसली. मग ते हसू ओठांवरच थिजलं.

"अस्तराचा वास तुम्हाला काय माहीत?"

इडवालने चष्मा काढून पुस्तकावर ठेवला.

"तू तापानं फणफणली होतीस. कोळशाच्या गावात आपल्या शेगडीत कोळसा नव्हता. त्या बसमधून तीन दिवस मीच गेलो कामावर. माझा कोट तुझ्या अंगावर घातलेला होता. म्हणून त्याचा मागून नेला."

"आणि सभेत?"

"सगळे विचारत होते, कोट कोणाचा? मी सांगितलं. खोटं नाही बोललो, पोरी. कोट त्याचाच होता."

"काका काहीच बोलला नाही?"

"नुसता बघत होता माझ्याकडे. वाटलं, आता बोलेल. तो जाईपर्यंत, एकोणीस वर्षं वाटत राहिलं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मेनीरचा हात आपोआप पुस्तकाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"हे छापून झालंय, बाबा."

"हो ना. चांगलं जाड झालंय."

तो काठीवर भार देत उठला. दाराकडे न जाता खिडकीपाशी गेला आणि भर दुपारी त्याने दोन्ही पडदे ओढून घेतले.

हॉर्न पुन्हा वाजला. मेनीरने फटीतून पाहिलं. समोरच्या घरात ओल्वेनबाई कुंडीला पाणी घालत होत्या. इडवालच्या खिडकीकडे लक्ष जाताच त्यांनी झारी खाली ठेवली, छातीवर हात नेला आणि हळूच आपला पडदा ओढला. मग त्यांच्या शेजारच्या घराचा. मग त्याच्या पलीकडचा.

एकेक खिडकी मिटत गेली, उतारावरून खाली, पार टोकाच्या घरापर्यंत. तिथे एल्फेड राहायचा.