फुगलेला कान

"वस्ताद, बघा माझा कान! आता मी खरी पैलवान!" तेजल म्हाताऱ्या वस्तादांच्या कानाशी जाऊन ओरडली. सकाळच्या सरावात आपटून तिचा कान रक्त साकळून टम्म फुगला होता.

वस्तादांच्या दोन्ही कानांचे कधीच गोळे झाले होते. तरुणपणी त्यांनी ते मिशीसारखे मिरवले होते.

"आजच दवाखान्यात जा. रक्त काढून पट्टी बांधून घे. बरा होईस्तोवर मातीत उतरायचं नाही, आणि पुढं कान झाकणारा पट्टा बांधूनच."

"पोरी हसतील की! तुम्ही कुठं काढलं होतं रक्त?"

वस्तादांनी कोनाड्यातलं ऐकायचं यंत्र तिच्या हातात दिलं. "घाल माझ्या कानात." तेजलनं फिरवून फिरवून पाहिलं, पण त्या आवळलेल्या कानात ते बसेना.

"लेक परगावाहून रोज फोन करते," ते म्हणाले. "काय म्हणते, कळत नाही."

तेजल चप्पल घालून दवाखान्याकडं निघाली.

रिकाम्या तालमीत फोन लुकलुकला. वस्तादांनी तो मोडक्या कानावर दाबून धरला आणि पलीकडचं बोलणं सुरू असतानाच म्हणाले, "बरं आहे, बाळ. बरं आहे."