भोपळ्याचा रस

लेकीच्या लग्नात म्हातारी दिसायला नको, म्हणून कोरियातल्या सोल शहरातल्या मालसुननं शस्त्रक्रिया करून डोळ्यांखालच्या पिशव्या काढून घेतल्या. सूज उतरावी म्हणून ती रोज भोपळ्याचा रस प्यायची.

तिची सूज उतरत गेली, तसतशा फोटोतल्या गेलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांखाली पिशव्या फुगू लागल्या.

"आई, बाबा इतके दमलेले दिसायचे का गं?" हेवॉननं विचारलं.

"तुझं आपलं काहीतरीच!" मालसुन लेकीवर खेकसली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तिनं पितरांपुढे पान मांडतात तसा फोटोपुढे रसाचा पेला ठेवला. "घ्या, प्या. आणि सोडा एकदाचा माझा पिच्छा."

सकाळी पेला रिकामा होता. फोटोतला चेहरा तुकतुकीत झाला होता. तिनं धावत जाऊन आरसा पाहिला. तिचाही तसाच होता.

तेवढ्यात न्हाणीघरातून हेवॉनची हाक आली, "आई, माझ्या डोळ्यांखाली हे काय आलंय गं?"